उसवलेली अक्षरं

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर मी दाभोळच्या गाडीची वाट बघत होते. शेजारी बसलेली बाई मांडीवर कापडी फलक घेऊन त्यावरची शिवलेली अक्षरं उसवत होती. बाई तृतीयपंथी होती, आवाज जाड, केसांत अबोलीचा वळेसर. मी शिवणक्लास घेते, त्यामुळे माझं लक्ष तिच्या हातांकडेच गेलं. दर चौथा टाका ती ब्लेडने कापायची आणि उलट्या बाजूने दोरा ओढायची. कापडाला भोक म्हणून दिसत नव्हतं.

फलकावर ‘समलिंगी आणि तृतीयपंथी हक्क’ असं लिहिलेलं होतं. ‘आणि’ निघालं होतं, आता ‘तृतीयपंथी’ निघत होतं.

“हे का काढताय?” मी सरळ विचारलं.

“आमच्या मंडळातल्या समलिंगी पोरांनी ठरवलंय, ताई. म्हणतात, तुमचे प्रश्न वेगळे. तुम्ही सोबत असलात की लोक बिचकतात.” ती हसली. “यांना कोण जागा देत नव्हतं तेव्हा माझ्याच खोलीत बसायचे. चहापण माझाच.”

“मग तुम्ही कशाला उसवताय? त्यांचं त्यांना करू दे.”

“नाहीतर त्यांनी नवाच शिवून घेतला असता. हा मी शिवलाय. बाकीची अक्षरं तरी माझी राहतील.”

सैल कापडावरून ब्लेड घसरत होतं, म्हणून मी दुसरं टोक ताणून धरलं. गाडी लागली तेव्हा शेवटचं एकच अक्षर उरलं होतं. मी उठले, तसं तिने ते टोक गुडघ्याखाली दाबलं आणि पुढचा टाका कापला.