चष्मेवाल्याला बाहेर कोणी काढलं?

घड्याळजी माणूस वाईट नव्हे, पण बॅटरीचं नाव निघालं की त्यांचं डोकं फिरायचं. चावीचं तेवढं घड्याळ, बाकी सगळी खेळणी! घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांसाठी ते कॉम्प्युटरवर एक गप्पांची खोली चालवत. तिच्यासाठी हौसेने स्क्रिप्टही, म्हणजे छोटे छोटे प्रोग्रॅम, स्वतःच लिहीत. त्यातली लाडकी होती 'काढ'. ती चालली की समोरचा खोलीबाहेर, आणि वर टोमणा: "दुकान चुकलात."

एका दुपारी पंचवीस वर्षांपासूनचा मित्र, चष्मेवाला, असाच बाहेर फेकला गेला. घड्याळजी तेव्हा दुकानात. घरी कॉम्प्युटरपाशी कॉलेजातली मुलगी. चष्मेवाल्याचा फोन आला, "तू तर दुकानात, मग मला काढलं ते तुझ्या पोरीनेच. तिला आवर, माफी मागायला लाव." झालं! घड्याळजींनी घरी येऊन तिची खरडपट्टी काढली. "मी हात लावला नाही, बाबा," ती दोनदा म्हणाली. त्यांनी पासवर्ड बदलला. तिने बोलणंच टाकलं.

आठ दिवस झाले. एकुलती एक लेक समोरून जायची, बघायचीसुद्धा नाही. घड्याळजींना ते फार लागलं, पण माघार घेतील तर ते घड्याळजी कसले? म्हणाले, पुरावाच काढतो. 'काढ' तीन तऱ्हांनी चालू शकत होती: कुणी हाताने टाइप करून, ठरलेल्या वेळी आपोआप, किंवा खोलीत एखादा शब्द दिसला म्हणून नियमाने. परिणाम एकच, त्यामुळे बाहेरून काही कळायची सोय नव्हती. त्यांनी स्क्रिप्टच्या तोंडाशी पाच ओळी घातल्या: चाललीस की आधी लिहून ठेव, तुला कोणी चालवलं.

रविवारी सकाळी मुलगी टेबलाशी पुस्तक घेऊन बसली होती. घड्याळजींनी चष्मेवाल्याला पुन्हा खोलीत बोलावलं. बिचारा मागच्या वेळसारखंच आपल्या आईच्या कानाच्या मशीनबद्दल विचारू लागला, आणि दहा मिनिटांत पुन्हा बाहेर! घड्याळजींनी नोंद उघडली. 'नियमाने. शब्द: बॅटरी, तिसऱ्यांदा.'

तीनदा 'बॅटरी' म्हणेल तो बाहेर, हा नियम तीन वर्षांपूर्वी रागाच्या भरात त्यांनीच घातला होता आणि साफ विसरले होते. खोलीतले बाकीचे त्यांचा स्वभाव ओळखून तो शब्द काढतच नसत. चष्मेवाला मित्र जुना, पण खोलीत नवा भिडू; तिथली ही रीत त्याला ठाऊक नव्हती.

त्यांनी स्क्रीन मुलीकडे वळवली. "हे बघ, तू नव्हतीस. सापडलं."

तिने वाचलं. "हे मी त्याच दिवशी सांगितलं होतं."

"अगं, पण आता पुरावा आहे ना!"

"मशीनला पाच ओळी लिहून विचारलंत, तुला कोणी चालवलं म्हणून. मला एकदा तरी विचारलंत, काय झालं?"

घड्याळजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"नाही विचारलं," ते म्हणाले.