यादीतलं तिचं नाव

विद्यापीठाच्या विस्तार विभागात मला बारा वर्षं झाली. आगामी व्याख्यानांची आणि प्रशिक्षणांची महिन्याची यादी मी करते. कोण बोलणार, कुठल्या सभागृहात, किती वाजता, हे सगळं माझ्याकडे. कार्यक्रमाच्या दिवशी पाहुण्यांचा परिचयही मीच करून देते. एवढ्या वर्षांत भाषण करायला मात्र मला कुणी बोलावलं नाही. मीही कधी म्हटलं नाही.

दोन वर्षांपूर्वी विभागप्रमुख सरांनी माझ्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवली. म्हणाले, "या बाईंना बोलवायचंय. भिवापूरकडच्या मिरचीवर फार चांगलं काम केलंय त्यांनी. आधी एक जाहीर व्याख्यान ठेवा, मग पुढच्या महिन्यात दोन दिवसांचं प्रशिक्षण."

चिठ्ठीवर माझ्या हॉस्टेलमधल्या रूममेटचं नाव होतं.

एम.एस्सी.ची दोन वर्षं आम्ही एका खोलीत काढली. ती भिवापूरजवळच्या खेड्यातली, मी शहरातल्या धरमपेठेतली. वडिलांची बदली झाली म्हणून मी हॉस्टेलवर आले होते. संख्याशास्त्र तिच्या डोक्यातच जायचं नाही. परीक्षेच्या आधी मी तिला एकेक गणित तीन-तीनदा समजावून सांगायची. मी विभागात पहिली आले, ती कशीबशी पास झाली आणि गावी निघून गेली. तिचं पुढे काही होणार नाही, असं मी मनात धरून चालले होते. खरं सांगायचं तर त्यात मला थोडं बरंही वाटत होतं.

यादीत तिचं नाव टाइप करताना मी सभागृहांचा तक्ता उघडला. शनिवारी सकाळी मोठं सभागृह रिकामं होतं. मी ते तिला दिलं नाही. गुरुवारी दुपारी तीनची वेळ लिहिली, जागा दुसऱ्या मजल्यावरची चाळीस खुर्च्यांची खोली. त्या दिवशी विद्यार्थ्यांची अंतर्गत परीक्षा होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. सरांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "सर, बाकी काहीच रिकामं नाही."

गुरुवारी ती आली. साधी सुती साडी, हातात कापडी पिशवी. मला पाहताच तिनं मिठीच मारली. "तू इथंच हायस? मले कोणी सांगतलंच नाही वं!" तिच्या मागून जिना चढत बायका येऊ लागल्या. दोन गाड्या करून तिच्या गावच्या आणि आजूबाजूच्या पन्नासएक बायका आल्या होत्या. खुर्च्या भरल्या, मग त्या खाली बसल्या, काही दाराबाहेर उभ्या राहिल्या. विद्यार्थी मोजून सहा.

इतरांचा परिचय मी पानभर लिहायची. तिचा चार ओळींत उरकला. रूममेट होती हेही सांगितलं नाही.

तिनं प्रत्येकीच्या हातात एकेक वाळलेली मिरची दिली आणि म्हणाली, "आधी वास घ्या, मंग बोलू." गावातलं जुनं बियाणं कसं नाहीसं होत गेलं, एका म्हातारीच्या परसातल्या झाडांवरून ते तिनं कसं परत धरलं, चांगलं झाड कसं निवडायचं, हे ती सांगत गेली. मध्येच एका बाईनं तिला अडवलं आणि चूक दाखवली. तिनं सगळ्यांसमोर कान पकडले आणि हसली. मला ते जमलं नसतं. कोपऱ्यात उभ्या उभ्या माझा जळफळाट होत होता. माझ्यापेक्षा तिला जास्त येतं, याचाही, आणि त्या बायका तिच्याकडे ज्या नजरेनं बघत होत्या, त्याचाही.

चहाच्या वेळी ती जवळ आली. "काहून वं, इतकी लहान खोली काहून देल्ली? खालचा मोठा हॉल शनिवारी रिकामा हाय म्हणे. शिपाई सांगून राहिला होता."

खोटं बोलायचं मनात आलं, पण जीभ वळली नाही. "मीच दिली. तू मोठ्या हॉलमध्ये बोलावंस असं मला वाटत नव्हतं."

तिनं कप खाली ठेवला. "माह्यावर राग होता तर मले म्हणायचं," ती म्हणाली. "त्या बायका पहाटे उठून आल्या ना वं. दोघी-तिघी तर सारा वेळ उभ्याच होत्या." एवढं बोलून ती त्यांच्याकडे निघून गेली. जाताना निरोप घ्यायलाही आली नाही.

प्रशिक्षणाला मी मोठं सभागृह दिलं, दोन्ही दिवस. सरांना सगळं सांगितलं. ते रागावले, आणि ते बरोबरच होतं. ती दोन्ही दिवस आली, माझ्याशी कामापुरतं बोलली. बायकांचं जेवण, चटया, पाणी सगळं मी जातीनं पाहिलं. तिनं ते पाहिलं.

त्यानंतर एकदा धीर करून मी सरांना म्हटलं, मलाही एक व्याख्यान द्यायचंय. ते चकित झाले. "इतकी वर्षं काहून नाही बोलल्या?" विषय ठरवायलाच मला तीन आठवडे लागले. शेवटी संख्याशास्त्राची भीती हाच विषय घेतला. वीसेक माणसं आली. माझा आवाज पहिली दहा मिनिटं कापत होता.

तिलाही मी निमंत्रण पाठवलं होतं. मिरचीची तोडणी सुरू आहे, येणं जमणार नाही, असं तिचं उत्तर आलं. वाचून मला वाईट वाटलं, आणि हायसंही वाटलं. त्यातलं जास्त काय, ते मला अजून सांगता येत नाही.