कापडाची पारख

टेबलावर दोन बोटं आपटून आक्का म्हणायची, "लिव. फुकट." नमस्कार नाही, चौकशी नाही. तुमच्याही ओळखीत अशी एखादी म्हातारी असेल, जिला येताना पाहिलं की आपण उगाच दौत सरळ करू लागतो.

इंग्रजी अमदानीतली गोष्ट. आक्का वडगावच्या विणकरांच्या आळीतली सुईण. अडलेली बाई हाताबाहेर गेली की तिला टांग्यात घालून ती बेळगावात आमच्या दवाखान्यात आणायची. तिथे डॉक्टरीणबाई पोट चिरून मूल काढत. गरिबाला फुकट; बाकीच्यांनी पैसे आगाऊ भरायचे. गरीब कोण, हे ठरवणारा विद्वान मी, दारावरचा कारकून.

मला माझ्या नजरेचा भारी गर्व. सदलग्याचा एक जमीनदार सुनेसाठी फाटकं धोतर नेसून आला होता. कानातल्या भिकबाळीवरून मी त्याला पकडला. डॉक्टरीणबाईंनी शाबासकी दिली. तेव्हापासून मी माणसाचं तोंड बघायचं सोडलं आणि अंगावरचं तेवढं बघू लागलो.

अशात आक्का एका विणकराच्या बायकोला घेऊन आली. बाई कोऱ्या, रेशीमकाठी लुगड्यात. मी लिहिलं, 'पैसे भरणार.'

"आरं, ते लुगडं सावकाराचं हाय," आक्का म्हणाली. "आत्ता मागावरनं उतरलंय. तिच्याकडं नेसायजोगं न्हाय. इणकराची बाई फाटक्यात भायेर काढली तर आळीची अब्रू जातीया."

"सगळे असंच सांगतात, आक्का," मी म्हणालो, आणि टाक कानावर ठेवून हसलोही.

डॉक्टरीणबाई आत दुसरीचं पोट शिवत होत्या. नवरा उचल मागायला सावकाराकडे पळाला. सावकार जेवायला बसला होता. त्याचा ताकभात होईपर्यंत बाई व्हरांड्यातल्या बाकावरच दगावली. मूल पोटातच.

दुसऱ्या दिवशी आक्काने ते लुगडं माझ्या टेबलावर पसरलं. रक्त काठापर्यंत वाळलेलं.

"सावकार घेईना. नवऱ्याच्या मजुरीतनं कापणार म्हणतोय. तुला कापडातलं लई कळतंय न्हवं? किंमत सांग."

मी दौत सरळ करू लागलो. रांगेतली माणसं बघत होती. आक्का हलली नाही.

त्यानंतर तिने नवी रीत पाडली. आणलेल्या बाईचं लुगडं बरं असलं तर दवाखान्याच्या फाटकाशीच दातांनी फाडायचं, मग माझ्यापुढे उभी करायची. नंदगडची एक पोरसवदा बाई तर कळा सोसत पदर छातीशी धरून रडली. माहेरचं एवढं एकच होतं. मी कागद घेऊन धावलो.

"आक्का, फाडू नका. फुकट लिहिलंय, हे बघा."

"तुझ्यावर भरवसा ठेवून एक घालिवली," ती म्हणाली, आणि टरकावलं.

ती बाई वाचली, मूलही. घरी जाताना लुगड्यासाठी तिने आक्काला पोटभर शिव्या दिल्या.

"दे," आक्का म्हणाली. "श्या द्यायला जित्ती हायेस न्हवं."

आक्का गेली तेव्हा मी वडगावात गेलो. आळीने आपल्या हातचं कोरं लुगडं तिला नेसवलं होतं. मी दारात दिसताच एक बाई शेजारणीला हळूच म्हणाली, "कारकून आला गं," आणि तिने कोपऱ्यातली फाटकी गोधडी प्रेतावर ओढली.

कुणी हसलं नाही. मी पायरीवरच थांबलो. गोधडीखालून काठ दिसत होता. शेजारणीने वाकून तोही आत सारला.