लायब्ररी पबमध्ये ठरली

आमच्या बॉल्सब्रिजच्या ऑफिसात नव्या प्रोजेक्टसाठी डेटाबेसमधून माहिती काढून देणारी लायब्ररी, म्हणजे आयता मिळणारा कोडचा संच, निवडायची होती. पर्याय दोन. मी दोन्ही खरा डेटा भरून तपासल्या. एक शिकायला सोपी, पण डेटा वाढला की तिला दम लागायचा. दुसरी किचकट, पण भरवशाची. दुसरीच घ्या, हे मी मीटिंगमध्ये पुराव्यानिशी दाखवलं. आयरिश मॅनेजर "ग्रँड, ग्रँड" म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत "ठीक, ठीक". मी निश्चिंत मनाने ॲडम्सटाउनची ट्रेन पकडून घरी गेलो. बाकीची टीम पबमध्ये गेली.

सकाळी कळलं, सोपीच घ्यायची ठरलीय.

"अरे, काल पबमध्ये विषय निघाला," टीममधला माझा पुण्याचा मित्र म्हणाला. "तू नव्हतास ना!"

मी नव्हतो, पण हा होता ना? ऑरेंज ज्यूसबरोबर मूग गिळत बसला होता!

पुढे डेटा वाढला. एक पान उघडेपर्यंत चहा उकळून व्हायचा. ग्राहक बोंबलू लागले. चूक कुणाची हे ठरवायला मात्र मीटिंग ऑफिसातच ठेवली, भर सकाळी, आणि पहिलं आमंत्रण मला.