मास्तरांच्या हाताची लाखोली

चकलीच्या भाजणीचे तांदूळ भाजून झाले होते, हरभऱ्याची डाळ अजून निम्मी कच्ची होती, तेवढ्यात पडवीतली मोटर थांबली. तास पुरा झाला नव्हता. कढई उतरवून मी बाहेर आले. तुळशीरामने ह्यांचा सदरा खांद्यावरून खाली केला होता.

"वैनी, हे बगा."

खांदा आणि दंड यांच्यामध्ये दोन बोटं मावतील एवढा खळगा पडला होता.

हा तुळशीराम जवळच्या पूर्णा गावचा. घरी भातशेती, खाडीवर जाळं. पण चौदाव्या वर्षी तो कापड विणायच्या लूमवर लागला आणि पुढे फिटर झाला. सातवीत दोनदा नापास. आमच्या ह्यांनी त्याला पट्टीने मारलं होतं आणि मग दोन महिने आमच्याच पडवीत बसवून अपूर्णांक शिकवले होते. "चक्राचे दात मोजताना अजून गुर्जी आठवतात," असं तो म्हणायचा. दर दसऱ्याला सोनं द्यायला यायचा, चहा पिऊन जायचा. तेवढंच नातं.

यंदा, म्हणजे एक्क्याण्णव साली, गुढीपाडवा होऊन चार दिवस झाले आणि ह्यांना वर्गातच अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं हळूहळू परतलं, पाय ओढत चालू लागले, हात मात्र मेल्यासारखा. हेडमास्तरांनी रजा वाढवून दिली आणि स्पष्ट सांगितलं, दिवाळीच्या सुट्टीनंतर मस्टरवर सही करून फळ्यावर लिहून दाखवा, नाहीतर अपात्रतेचा अर्ज देऊन नोकरी सोडा.

ठाण्याच्या डॉक्टरांकडे तुळशीरामच ह्यांना धरून घेऊन गेला, मी सोबत होते. डॉक्टर म्हणाले, हात पुन्हा पुन्हा हलवला तर मेंदूला वाट सापडते. परदेशात हात धरून हलवणारी यंत्रं करून बघताहेत म्हणे. आपल्याकडे नाहीत. घरी हलवा, आणि महिन्याने मला दाखवा.

एसटीत तुळशीराम म्हणाला, "मशीन न्हाय म्हंजे? रोज चोवीस लूम हलवतो मी. गुर्जींचा एकच तर हात हाय."

नारळी पौर्णिमेला त्याने पडवीत ते उभं केलं. भंगारातली लहान मोटर, दोन दातेरी चक्रं, फळीवर पुढे-मागे सरकणारा लाकडी ठोकळा, त्यावर हात बांधायला चामड्याचा पट्टा. आणि लूमवर असतो तसा फेऱ्या मोजणारा मीटर. तो मीटर मी मागितला होता. गणपतीला दूर्वांची लाखोली मी दोनदा वाहिली आहे. या वेळी हाताच्या लाख फेऱ्या बोलले. मिनिटाला बारा, सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. दिवाळीच्या आत लाख भरत होते. तुळशीराम ड्युटीच्या आधी आणि नंतर येऊन हात बांधायचा, तेल घालायचा. रोजचा आकडा मी वहीत लिहायची.

हे विचारायचे, "तुळश्या, आज किती मीटर कापड निघालं?"

"कापड कुटलं गुर्जी, चिंध्या निगतायत."

दोघं हसायचे. डॉक्टरांना दाखवायला आम्ही गेलोच नाही. लाख भरल्यावर जाऊ, असं मीच म्हणत राहिले.

त्या दिवशी मीटरवर ब्याण्णव हजार चारशे होते. डाळ तशीच टाकून आम्ही ठाणं गाठलं. डॉक्टरांनी खांदा चाचपला. "लुळ्या हाताला खालून आधार लागतो. तो नव्हता. रोज ओढून ओढून सांधा निखळलाय. आणि हलवलं कोणी? मोटरने. जोर ह्यांनी लावायचा, यंत्राने कमी पडेल तेवढीच मदत करायची. दुखत नव्हतं का?"

"गणपतीपासून दुखतंय," हे म्हणाले.

"मग बोलला का नाही?"

"हिची लाखोली होती. आणि हा पोरगा रोज येत होता."

मला वर बघवलं नाही. हात आता झोळीत ठेवायचा, दुखणं उतरलं की पहिल्यापासून सुरुवात. लिहिणं या वर्षी तरी नाही, असं डॉक्टर म्हणाले.

तुळशीराम बाहेर पायरीवर बसला होता. "लूम दुखतंय म्हनत न्हाय वैनी. मी गुर्जींना तसंच चालवलं."

"मीटर मी मागितला होता," मी म्हणाले. त्याने मान हलवली, पण ऐकलं नाही.

घरी आल्यावर त्याने नट सोडवून सगळं पोत्यात भरलं. मी देवापुढे दिवा लावला. उरलेल्या फेऱ्यांचं काय सांगायचं ते सुचेना, तशीच उठले.

काल अर्ज लिहिला. अक्षर माझं. खाली सहीच्या जागी ह्यांचा डावा अंगठा तुळशीरामने शाईवर धरला.

"नीट दाब, पसरेल," हे म्हणाले. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवायलाही उठले नाहीत.

उद्या तुळशीराम सकाळची ड्युटी सोडून तो अर्ज हेडमास्तरांच्या घरी देऊन येणार आहे.