बाहेरून आलेला टोप

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाल सोलले. दुपारची वेळ होती. फरशीवर पेपर पसरलेला, मध्ये परात, परातीत कोमट पाणी आणि मोड आलेले वाल. ही भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. मी समोर स्टुलावर, माझे गुडघे खाली बसू देत नाहीत. वाल सोलायला अक्कल लागत नाही. चिमटीत धरायचा, दाबायचा, दाणा बाहेर येतो. माझा दाणा उडायचा आणि कपाटाखाली जायचा.

"वाडग्यात टाक रे. कपाटाला काय भरवतोस?"

"कपाट पण आपलंच आहे ना."

लोकांसमोर ती मला अहो म्हणायची, घरात तू. लहानपणापासून एका गल्लीत वाढलो. लग्न झालं म्हणून जीभ कुठे बदलते?

वाल सोलताना गल्लीचा विषय निघायचाच. त्या दिवशी वाद रेडिओवाल्या आजोबांवरून झाला. मी म्हटलं, ते नळाच्या टोकाला राहायचे. ती म्हणाली, "चल! संडासाच्या टोकाला. म्हणून तर नाकाला रुमाल बांधून बातम्या द्यायचे."

"रुमाल थंडीचा होता."

"मुंबईत कसली रे थंडी?"

मी हरलो असं कबूल केलं नाही. वाल संपले. ती वाडगा घेऊन उठली आणि भिंतीकडे बघून म्हणाली, "यांना सांग, हात धुवा म्हणावं." भिंतीशी बोलायची तिची जुनी पद्धत, ती पुढे सांगतो. ती आत गेली, फ्रिजचं दार लागल्याचा आवाज आला, आणि त्यामागून ती पडल्याचा. रिक्षातून हॉस्पिटलला नेली. डॉक्टरने हार्ट म्हणून सांगितलं, बाकी तो बरंच बोलला ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. मुलगा मुलुंडहून आला. संध्याकाळी तिला स्मशानात पोचवून आम्ही घरी आलो तेव्हा परातीतलं पाणी तसंच होतं, सालं पेपरवर तशीच.

गल्ली म्हणजे आता आम्ही राहतो तीच जागा. मालाड पूर्वेला, टेकडीच्या अंगाला. आधी इथे पत्र्याच्या खोल्यांच्या दोन रांगा होत्या, मध्ये गटार, एका टोकाला नळ, दुसऱ्या टोकाला संडास. मागे चढून गेलं की आरेचं जंगल. मग बिल्डर आला, गल्ली पाडली आणि तिच्यावर बिल्डिंग उभी केली. ज्यांना वर घरं मिळाली त्यांनी एकेक करून विकली. कोण विरारला गेला, कोण गावाला, बरेचसे मेले. गल्लीतली माणसं म्हणून आम्ही दोघंच उरलो होतो.

लहानपणी मला वाटायचं, सगळ्या गल्ल्यांत अशीच माणसं असतात. रेडिओवाल्या आजोबांचा रेडिओ कधीचा बंद पडला होता. दिवेलागणीला ते तो खांद्यावर घेऊन दारात उभे राहायचे आणि स्वतःच बोलायचे. "नमस्कार. उद्या नळाला पाणी कमी येईल. हरवलेली कोंबडी सापडली आहे, ज्याने लपवली त्याने लाज बाळगावी. दिल्लीत सगळं ठीक आहे." ते आजारी पडले की दिल्लीचं काय होणार म्हणून मला घोर लागायचा.

दुसरं एक जोडपं होतं. नवरा-बायको एकमेकांशी बोलत नव्हते. कशावरून, ते त्यांनाही आठवत नसावं. एका खोलीत राहायचे, एका चुलीचं जेवायचे, पण बोलायचं ते पोरांमार्फत. बाईंची निरोपी म्हणजे समोरच्या रांगेतली ही. नवऱ्याचा निरोप्या मी. हातभर अंतरावर बसलेल्या दोन माणसांमध्ये आम्ही दोघं उभे.

"यांना सांग, आमटी गार होतेय."

ती मला सांगायची, मी त्यांना सांगायचो.

"तिला सांग, मीठ कमी आहे."

निरोपाला एक लिमलेटची गोळी मिळायची. निरोप कमी पडायला लागले तेव्हा ही मनाने बनवायला लागली. एकदा म्हणाली, "यांना सांग, मिशी चांगली दिसते म्हणावं." मी सांगितलं. तो गृहस्थ मिशीवर हात ठेवून बसला. दुसऱ्या दिवशी घरात गजरा आला. बाईंनी विचारलं, कोणी सांगितलं आणायला? आम्ही दोघं पळालो ते नळापाशी थांबलो. आमचं लग्न तिथंच ठरलं म्हणा.

पुढे आमचं वाजलं की ही तसंच बोलायची. मुलगा लहान होता तोवर त्याच्यामार्फत. तो मुलुंडला गेल्यावर भिंतीमार्फत.

पण सगळ्यात विचित्र बाई टोपवाली. शेवटच्या खोलीत एकटी राहायची. मालवणकडची, काळी, उंच, नळावर रोज भांडायची. पोरांचा चेंडू तिच्या दारात गेला की गेलाच. तिच्याकडे एक मोठा टोप होता, एका बाजूने चेपलेला. गल्लीत कोणी मेलं की ती आरेतून आणलेली लाकडं पेटवायची, पिठलं-भात करायची आणि टोप डोक्यावर घेऊन त्या घरी जायची. कडू घास घेऊन. ज्या घरात माणूस गेलं तिथली चूल त्या दिवशी पेटत नाही, घास शेजाऱ्यांनी आणायचा, ही रीत सगळीकडचीच. पण आमच्या गल्लीत ते काम दुसऱ्या कोणाला करायचं धाडस नव्हतं. आम्हा पोरांना मात्र उलटं वाटायचं. टोपवाली टोप घेऊन निघते म्हणून माणूस मरतं. ती येताना दिसली की आम्ही दाराआड लपायचो. ती आमच्या दारावरून पुढे गेली की सुटलो.

एके दिवशी ती पुढे गेली नाही.

माझे वडील गेले होते. मी खाटेखाली शिरलो होतो. टोपवाली चपला घालूनच आत आली, दार न वाजवता. टोप मधोमध ठेवला. आईला समजावलं नाही, गळ्यात पडली नाही. खाटेखाली हात घालून मला कॉलरला धरून ओढून काढलं आणि घास तोंडात कोंबला. मी थुंकलो. तिने दुसरा कोंबला.

"गीळ. तो गेलो. तू हंय आसस."

मी गिळला. मग आईला भरवला. भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "घास पोटात जाय सर तो दारातसून हलाचो नाय. मागची जगतली हां समाजला काय मगे तो वाटेक लागता." म्हणजे मागची माणसं जेवली, जगतील असं दिसलं की मगच गेलेला दारातून हलतो. आम्ही जेवेपर्यंत ती उठली नाही. रिकामा टोप उचलून नेला आणि नळावर घासला. आमच्या घरात तिने तो धुऊ दिला नाही.

ही तेव्हा दारात उभी राहून बघत होती. जन्मभर मला ऐकवत आली, "रडत होतास, पण भात दोनदा मागून घेतलास."

टोपवाली मेली तेव्हा आमचं नवीन लग्न झालं होतं. तिच्या घरात घास खायला कोणी नव्हतंच. लोक म्हणाले, राहू दे. हिने पिठलं केलं, तिच्या खोलीत नेलं आणि आम्ही दोघांनी तिथे बसून खाल्लं. येताना तिचा टोप घेऊन आलो. तेव्हापासून गल्लीत तो हिने चालवला. भांडण असो, अबोला असो, कोणी गेलं की ही टोप घेऊन निघायची, चपला घालूनच आत शिरायची. त्या अबोल नवऱ्याकडे बायको गेल्यावर हीच गेली. तो तोंड उघडेना. ही म्हणाली, "काका, काकी सांगतायत, आमटी गार होतेय." तेव्हा त्याने तोंड उघडलं.

बिल्डिंगमध्ये आल्यावर एकदाच टोप निघाला. खालच्या मजल्यावर कोणी गेलं होतं. दार साखळीपुरतं उघडलं. "नहीं आंटी, हम लोग बाहर का नहीं खाते." ही भरलेला टोप तसाच वर घेऊन आली. दोन दिवस आम्ही तेच पिठलं खाल्लं. मग टोपात तिने कांदे भरून ठेवले.

तर त्या संध्याकाळी मी दाराकडे तोंड करून बसलो. सून आणि नात रडून परत गेल्या होत्या, नातीची परीक्षा. मुलगा फोनवर एकेकाला कळवत होता. आमच्या मजल्यावरची दारं बंद होती. एका दाराबाहेर चपला होत्या, म्हणजे आत माणसं होती. लिफ्टचा आवाज आला की मी सरळ बसायचो. लिफ्ट पुढे जायची.

शेवटी बेल वाजली. प्लास्टिकच्या डब्यांतून खिचडी आली. मुलाने मागवली होती.

"बाबा, थोडं खा."

"घास कोण आणणार?"

"आता कोण आणतं बाबा? हे पण बाहेरूनच आलंय ना."

"बाहेरून आलंय. कोणाकडून नाही आलं."

त्याला राग आला नाही. तो खिचडीचं झाकण उघडून तसाच बसून राहिला, त्यानेही खाल्लं नाही. मला भूक नव्हती असं नाही. होती, म्हणूनच जास्त संताप आला. साऱ्या गल्लीला जिने घास नेला तिच्या दारात तिच्यासाठी कोणी नाही. आणि मला ती दारात दिसत होती. दिसत होती म्हणजे भूतबीत नाही. चप्पल घालून तयार, आम्ही कधी जेवतोय याची वाट बघत, पाय दुखतायत, आणि ही दोन पुरुषमाणसं उपाशी बसलीत. ती अशी निघणार कशी?

गल्लीतलं माणूस म्हणून आता मी एकटाच होतो. हे माझ्या लक्षात यायला सकाळ झाली.

मुलगा खुर्चीतच झोपला होता. मी टोपातले कांदे ओतले, टोप पुसला. फ्रिजमधून वालाचा वाडगा काढला. तेल, हळद, हिंग, मीठ पिशवीत घातलं, दोन कांदे घेतले आणि लिफ्टने खाली गेलो. वॉचमनच्या केबिनमागे त्याची लहान शेगडी आहे. तो माझ्याच वयाचा, केस माझ्यापेक्षा काळे, रंगवतो.

"बाबूजी, कल ही माताजी..."

"मालूम है. गॅस दे थोडा टाइम."

"घर में सिलिंडर खतम?"

"घर में है. आज उधर पकाने का नहीं."

तो समजला. त्यांच्या गावाला पण तसंच असतं म्हणाला. चहाचं भांडं उतरवलं, शेगडी माझ्याकडे सरकवली. मला स्वयंपाक येत नाही. पण वाल ढवळायचे नसतात, टोप हलवायचा असतो, हे इतकी वर्षं बघून माहीत होतं. कांदा करपला. नारळ नव्हता, गूळ विसरलो. वाल शिजत आले तसा वॉचमन म्हणाला, "मैं ऊपर दे आऊँ?"

"नहीं. गल्ली का आदमी मंगता."

"कौन सी गल्ली?"

मी पायाखालच्या लादीकडे बोट दाखवलं. त्याने लादीकडे बघितलं. मग त्याचा भात झाला होता त्यातला निम्मा त्याने न विचारता माझ्या टोपात वालांवर घातला.

टोप डोक्यावर घेऊन लिफ्टपाशी आलो, तर आतून एक बाई शाळेच्या मुलीला घेऊन उतरली. मुलीने माझ्या डोक्यावरचा टोप बघितला आणि आईच्या मागे लपली. बरोबर आहे तिचं.

किल्लीने दार उघडलं. बेल वाजवली नाही, चपला काढल्या नाहीत. टोप मधोमध ठेवला, जिथे आदल्या दुपारी परात होती. मुलगा दचकून उठला.

"बाबा, कुठे गेला होता? हे काय?"

"गप बस. आ कर."

"बाबा..."

"गीळ. ती गेली. तू हंय आसस."

त्याने घास गिळला आणि त्याला रडू फुटलं, आदल्या दिवसापासून पहिल्यांदा. मी त्याला आणखी दोन भरवले. मग माझा हात टोपाकडे जाईना. घेऊन आलेल्याने खायचं नसतं, आणि मला भरवायला दुसरं कोणी नव्हतं. मी स्टुलावर बसलो. तो खाली फरशीवर, तोंड पुसत. त्याने टोपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे.

"बाबा," तो म्हणाला, "आई सांगतेय, जेवा म्हणावं."

त्याचा हात पुढे आला. मी तोंड उघडलं. वाल कच्चट राहिले होते, मीठ जास्त झालं होतं. मी खाल्लं. भात परत मागून घेतला.

मग रिकामा टोप घेऊन खाली गेलो आणि वॉचमनच्या नळावर घासला.