'चालेल' म्हणालो होतो

मंगळवारी सकाळी बायको चालण्याच्या फेरीवरून परत आली. तिने चहा टाकला. मग ओट्याला धरून ती खाली बसली. दुपारी दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की ती गेली. मेंदूतली शीर फुटली होती. शीर जन्मापासूनच कमजोर असणार, ते म्हणाले.

आम्ही दोघं कोकणातले. मी सरकारी शाळेत मराठी शिकवायला सिल्वासाला आलो आणि निवृत्त झाल्यावर जवळच्या सामरवरणीच्या सोसायटीतच राहिलो. मी वाचत बसायचो, ती माणसांत असायची. चार वर्षांपूर्वी आरोग्य केंद्राच्या सिस्टर घरोघर फिरल्या. तिशीपुढच्या सगळ्यांचं बीपी आणि साखर तपासली. गोळ्या देऊ, पण रोज चालणाऱ्यांचा एक गट वस्तीत हवा, कुणीतरी पुढे व्हा, असं म्हणाल्या. ती पुढे झाली. सिस्टरांनी तिला हजेरीची वही दिली.

संध्याकाळी ती वहीत नावं लिहायला बसली. मी पुस्तकात होतो.

"अहो, उद्यापासून सकाळी सहाला. चालेल ना?"

"चालेल," मी म्हणालो आणि पान उलटलं.

तिच्या जाण्याला माझी हरकत नाही ना, एवढंच ती विचारते आहे असं मला वाटलं. इथे हा शब्द दिवसभर कानावर पडतो. दुकानदार गुजरातीत 'चालसे' म्हणतो, कंपनीतला सुपरवायझर हिंदीत 'चलेगा' म्हणतो. या शब्दाचा पायांशी काही संबंध असतो, हे मी भाषेचा मास्तर असून विसरून गेलो होतो. ती विसरली नव्हती.

"उठा," दुसऱ्या दिवशी पहाटे तिने मला हलवलं. "काल चालेल म्हणालात."

"अगं, चालेल म्हणजे चालेल."

"मीही तेच म्हणतेय."

मी कूस बदलली. तिने पुन्हा हाक मारली नाही, फक्त जाताना दार जरा जोरात ओढलं.

शेजारीण धुळ्याकडची, खडोलीच्या कंपनीत कामाला. तीही सुरुवातीला तयार नव्हती.

"ताई, आठ घंटे मशीनवर उभी राहते मी. अजून चालू कशाले?"

"चालतं ते मशीन. तू नुसती उभी असतेस. साखर कमी झाली तर मशीनची होईल."

शेजारीण हसली आणि जायला लागली. सोसायटीच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत, अशी त्यांची फेरी. मी गॅलरीत दिसलो की खालून शेजारणीचा आवाज यायचा, "सर, पुस्तकातली माणसं तरी चालतात का?"

एकदाच गेलो, थंडीत. वाटेत चहाची टपरी लागली आणि बाकावर ताजा पेपर दिसला. "तुम्ही व्हा पुढे, आलोच," म्हणून बसलो. सगळ्या टाकीला जाऊन परत आल्या तेव्हा मी अग्रलेखावर होतो.

"ताई, सरांची टाकी इथंच आली वाटतं!" शेजारीण म्हणाली. सगळ्या हसल्या, बायकोही हसली.

टपरीपासून फाटकापर्यंत मात्र ती माझ्या शेजारून चालली. माझा वेग कमी, म्हणून तिने आपला कमी केला. मध्येच डावीकडे बोट करून ती म्हणाली, "ते बघा." मी "हो" म्हणालो. बघितलं नाही. डोक्यात अग्रलेख होता.

ती गेल्यावर फेरी थांबली. पंधरा दिवसांनी शेजारीण येऊन दारातच उभी राहिली.

"सर, राग नका मानू. ताई रोज चालायच्या, तरी गेल्या. सासू म्हणते, चालण्यानंच गेल्या. बाकीच्या पण घाबरल्यात."

मी डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. शीर जन्मापासून कमजोर होती, त्यात चालण्याचा दोष नाही.

"तुम्हाले काय माहीत, सर? तुम्ही तर कधी आलेच नाही."

बोलून गेली आणि तिनेच जीभ चावली. पण ती फारसं खोटं बोलली नव्हती.

त्याच आठवड्यात सिस्टर आल्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या. "सर, आता ती वही परत लागेल. गट बंद झाला असं दाखवते. चालेल ना?"

वही बायकोच्या शिवणाच्या डब्याखाली होती. देण्याआधी उघडली. पहिल्या क्रमांकावर माझं नाव होतं. इतरांच्या रकान्यांत 'ह' आणि 'गै', तारखांप्रमाणे. माझे रकाने रिकामे. मला तिने कधी हजर मांडलं नव्हतं, पण गैरहजरही नाही. नवं पान सुरू झालं की ती माझं नाव पुन्हा वर लिहायची. चार वर्षं. एका थंडीतल्या तारखेला फक्त एक शब्द होता: अर्धा.

सिस्टर हात पुढे करून थांबल्या होत्या.

"चालेन," मी म्हणालो.

"काय म्हणालात?"

"मी चालेन. बंद दाखवू नका."

दुसऱ्या दिवशी एकटाच गेलो. टपरीवाल्याने पेपर पुढे केला. टाकीपर्यंत जाऊन आलो तेव्हा पोटऱ्या दुखत होत्या. आठवडाभराने शेजारीण गॅलरीतून बघत राहिली, मग चपला घालून खाली आली. टाकीपाशी म्हणाली, "ताई याच्यापेक्षा जोरात चालायच्या."

आता आम्ही सहा जण आहोत. शेजारणीची कंपनीत पहिली शिफ्ट असते तेव्हा पाच. परतताना टपरीच्या पुढे मी रोज डावीकडे बघतो. तिथे ताडाची तीन झाडं आहेत, एका कंपनीची भिंत आहे, भिंतीपलीकडे शेत आहे. ती काय दाखवत होती ते मला माहीत नाही. हजेरी मीच लिहितो. वही माझ्याकडे आहे.